वायरलेस ईव्ही चार्जिंगसाठी सरकारी पैसा: नाशिकमध्ये फाइल कुठल्या क्रमाने लावायची

ज्यांना चार्जिंग स्टेशन टाकायचंय त्यातले बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी व्हिडिओत जमिनीतलं पॅड बघायचं (वर गाडी उभी केली की केबल न जोडता चार्ज होते ते), मग डीलरकडून कोटेशन घ्यायचं, टोकन देऊन टाकायचं, आणि सगळं झाल्यावर विचारायचं की सबसिडी किती सुटेल. तेव्हा उत्तर येतं की काहीच नाही, कारण आपल्याकडचा मोठा पैसा टेंडरच्या रस्त्याने येतो, तुम्ही आधीच घेतलेल्या मशीनचं बिल दाखवून परत मिळत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. वायरलेस म्हटलं की सगळ्यांचं लक्ष पॅडवर असतं, पण सबसिडीत सगळ्यात भरवशाचा भाग पॅडचा नाहीये, पॅडपर्यंत वीज आणायच्या कामाचा आहे. केबल, ट्रान्सफॉर्मर, ब्रेकर, खोदकाम, फाउंडेशन. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा क्रम आपोआप सरळ होतो. खाली तोच क्रम देतोय, मधला टप्पा गाळून पुढे जाऊ नका.

## १. कुठली योजना चालू आहे ते आधी बघा

व्हॉट्सअ‍ॅपवर अजून जुने आकडे फिरतायत. स्लो चार्जरला ६० टक्के, जास्तीत जास्त १०,००० रुपये, आणि फास्टला ५० टक्के, जास्तीत जास्त ५ लाख, हे राज्याच्या २०२१ च्या धोरणातलं होतं, ते ३१ मार्च २०२५ ला संपलं. फेम-२, म्हणजे केंद्राची आधीची ईव्ही सबसिडी योजना, तर त्याच्याही आधी, ३१ मार्च २०२४ ला संपली. कोणी एजंट या आकड्यांवर तुम्हाला हिशोब करून देत असेल तर चहा पाजा आणि निरोप द्या.

आता कामाचं काय आहे:

पीएम ई-ड्राइव्ह. केंद्राची योजना, १ ऑक्टोबर २०२४ पासून, एकूण १०,९०० कोटी, त्यातले २,००० कोटी फक्त सार्वजनिक चार्जिंगला. मुदत वाढवून ३१ मार्च २०२८ केलीये, पण निधी आधी संपला तर योजना आधी बंद. म्हणून २०२८ लांब आहे असं समजून निवांत बसू नका.

राज्याचं ईव्ही धोरण २०२५. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०३०, तरतूद १,९९३ कोटी. यात हायवेला दर २५ किलोमीटरवर चार्जिंगची सोय करायचं उद्दिष्ट आहे आणि चार्जिंग स्टेशनसाठी व्हायबिलिटी गॅप फंडिंग (धंदा परवडत नाही तेवढी तूट भरायला सरकारी मदत) आहे. हा पैसा फास्ट चार्जरकडे झुकलेला आहे. जीआरमधला तक्ता स्वतः उघडून वाचा, बातमीवर जाऊ नका.

मनपाचा हवाशुद्धीचा निधी. नाशिक राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. हा पैसा तुम्हाला थेट मिळत नाही, पण मनपा त्यातून चार्जिंगचं काम काढू शकते आणि तुम्ही ते काम घेऊ शकता. चालू वर्षाच्या बजेटमध्ये चार्जिंगसाठी हेड (वेगळी तरतूद) आहे का एवढं विचारून घ्या.

संशोधनाचा पैसा. अस्सल वायरलेसवाल्यांसाठी हाच खरा दरवाजा आहे, त्याबद्दल टप्पा ८ मध्ये.

तपासणी: ज्या योजनेवर भिस्त आहे तिचा जीआर किंवा केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांची पीडीएफ तुमच्या फोनमध्ये सेव्ह आहे का? नसेल तर दुसऱ्या टप्प्यावर जाऊ नका.

## २. अर्ज कोण करू शकतं

सगळ्यात जास्त गाड्या इथेच घसरतात. पीएम ई-ड्राइव्हच्या चार्जिंगसाठी खाजगी माणूस, लॉन्सवाला, हॉटेलवाला किंवा सोसायटी थेट अर्ज करू शकत नाही. केंद्राची मंत्रालयं, सरकारी कंपन्या, राज्य सरकार आणि त्यांच्या संस्था मागणी गोळा करून प्रस्ताव देतात, मग चार्जिंग चालवणारी कंपनी, म्हणजे ऑपरेटर, टेंडरमधून निवडली जाते. महाराष्ट्रात सार्वजनिक चार्जिंगची नोडल एजन्सी, म्हणजे राज्यातलं हे काम एकत्र बघणारी संस्था, महावितरण आहे.

तर तुमची भूमिका यापैकी एक:

- जागा सरकारी, तुम्ही ऑपरेटर: टेंडर भरा.
- जागा तुमची, ऑपरेटर दुसरा: करारनामा करून जागा द्या आणि ती नोडल एजन्सीच्या यादीत घालायला ऑपरेटरलाच पळवा.
- तुम्ही मशीन बनवणारे, अंबड-सातपूरमधलं युनिट वगैरे: ऑपरेटरचे सप्लायर व्हा, नाहीतर टप्पा ८.

एक मात्र सोपं आहे. चार्जिंग स्टेशन चालवायला विजेचं लायसन्स लागत नाही, हा व्यवसाय केंद्राने लायसन्समुक्त ठेवलाय. तरी लोक आधी लायसन्सच्या मागे फिरतात आणि महिना घालवतात.

## ३. जागा ठरवा, कारण टक्केवारी जागेवर ठरते

मशीन तेच असलं तरी जागा बदलली की सबसिडी बदलते. पीएम ई-ड्राइव्हमध्ये ढोबळमानाने असं आहे:

अ) सरकारी आवार – सरकारी ऑफिस, हॉस्पिटल, शिक्षणसंस्था, वसाहती. वीजेचं काम आणि चार्जर दोन्हीला १०० टक्के, पण चार्जर सगळ्या जनतेला खुला पाहिजे. गेटवर वॉचमन अडवणार असेल तर ही कॅटेगरी विसरा.

ब) वर्दळीची ठिकाणं – रेल्वे स्टेशन, बसस्थानक, विमानतळ, सरकारी तेल कंपन्यांचे पंप, मनपाचं पार्किंग, टोलनाका. वीजेच्या कामाला ८० टक्के, चार्जरला ७० टक्के.

क) बाकी सगळं – रस्त्याकडेची जागा, मॉल, मार्केट. फक्त वीजेच्या कामाला ८० टक्के, चार्जरला शून्य.

आता हिशोबाला एक उदाहरण घेऊ, आकडे फक्त समजायला. वीजेचं काम १० लाख, चार्जर ८ लाख. नाशिकरोड स्टेशनच्या पार्किंगला असेल तर ८ लाख अधिक ५ लाख ६० हजार, म्हणजे १३ लाख ६० हजार. तेच कॉलेज रोडच्या एखाद्या कॉम्प्लेक्समध्ये केलं तर ८ लाख. आणि हे टक्के तुमच्या बिलावर लागत नाहीत, बेंचमार्क खर्चाच्या, म्हणजे सरकारने ठरवून दिलेल्या खर्चाच्या मर्यादेत लागतात, त्यामुळे महागातली केबल टाकून जास्त सबसिडी मिळत नाही, उलट वरचा फरक तुमच्या खिशातून.

क कॅटेगरीत बघा, चार्जरला पैसाच नाही. मग तुम्ही वायरचा लावा नाहीतर पुढे कधी वायरलेस, सबसिडीला त्याने फरक पडत नाही. वायरलेसचा विचार असलेल्याने इथेच खेळायचं: वीजेचं काम सबसिडीतून करून घ्यायचं, सध्या साधा चार्जर लावायचा आणि पॅडसाठी रिकामा पाइप आत्ताच गाडून ठेवायचा.

नाशिकसाठी दोन इशारे. गोदाकाठची जागा स्वस्तात मिळतेय म्हणून घेऊ नका, आधी नगररचना विभागातून निळी आणि लाल पूररेषा बघून घ्या, रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती पुरात बुडाला की बातमी होते पण तुमचं पॅनेल बुडालं की फक्त तुमचं नुकसान होतं. आणि सिंहस्थासाठी उभ्या राहणाऱ्या तात्पुरत्या पार्किंगला कायमस्वरूपी चार्जिंग टाकायचा मोह आवरा, कुंभानंतर ती जागा कोणाची आणि तिथे गाडी येणार का हे लेखी असल्याशिवाय नाही.

सरकारी जागा भाड्याने घ्यायची असेल तर केंद्राच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत युनिटमागे १ रुपया रेव्हेन्यू शेअरिंगवर जागा द्यायचं मॉडेल आहे, सुरुवातीला १० वर्षांसाठी. मनपाशी बोलताना हा मुद्दा काढा, ठोक भाड्यापेक्षा सुरुवातीच्या काळात हे खूप परवडतं.

तपासणी: सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, करारनामा, आणि जागा कुठल्या कॅटेगरीत बसते त्याचं एक ओळीत कारण. हे तीन कागद झाले का?

## ४. महावितरण, मशीनच्या आधी

कोटेशन मशीनचं नाही, वीजेचं आधी आणा. ट्रान्सफॉर्मरवर जागा नसेल तर सगळा हिशोब उलटा होतो.

क्रम असा: लोड काढा, लायसन्सधारक इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडून सिंगल लाइन डायग्राम (वीजजोडणीचा एकरेषी आराखडा) करून घ्या, नवीन कनेक्शनचा ए-१ फॉर्म ऑनलाइन भरा, साइट सर्व्हे होईल, मग एस्टिमेट आणि फर्म कोटेशन (महावितरणने भरायला सांगितलेली पक्की रक्कम), पैसे भरा, काम, टेस्ट रिपोर्ट, मीटर. कॅटेगरी निवडताना ईव्ही चार्जिंगच निवडा. कमर्शियल मीटरवर चार्जर जोडून ठेवणारे बरेच आहेत, मग ईव्हीचा टॅरिफ मिळत नाही आणि फाइलमध्येही बिल चुकीच्या कॅटेगरीचं दिसतं.

लोड काढताना:

- १५० किलोवॅटपर्यंत लो टेन्शनवर (लघुदाब जोडणीवर) भागतं. त्याच्या वर गेलात तर हाय टेन्शन (उच्चदाब), स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, विद्युत निरीक्षकाची परवानगी, सगळा खर्चच वेगळा. १६० लिहिणाऱ्याने एकदा विचार करावा की १५० मध्ये बसतंय का.
- वायरलेसला जेवढी पॉवर गाडीत जाते त्याच्यापेक्षा जास्त भिंतीतून ओढली जाते. गाडीत १.५ किलोवॅट द्यायचे आणि कार्यक्षमता ८९ टक्के धरली तर इनपुट जवळपास १.७ किलोवॅट. दहा पॅड म्हणजे १७. गाडी थोडी वाकडी लागली की कार्यक्षमता अजून खाली, म्हणून थोडी मोकळीक ठेवा.
- सगळे चार्जर एकदम फुल चालतील असं धरून लोड मागू नका, पण भविष्याचं पॅडही विसरू नका. डिपॉझिट लोडवरच ठरतं.

केंद्राच्या सूचनांनुसार २०२८ च्या मार्चपर्यंत ईव्ही चार्जिंगचा दर एकेरी असावा (फक्त युनिटवर, वेगळा स्थिर आकार नाही), सकाळी ९ ते दुपारी ४ मध्ये सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि बाकी वेळात १.३ पट. प्रत्यक्ष दर वीज नियामक आयोगाच्या आदेशाप्रमाणे लागतो, तो बघाच. पण ज्याच्याकडे ठरलेल्या गाड्या आहेत, म्हणजे कुरियरच्या तीनचाकी किंवा कंपनीच्या बस, त्याने दुपारच्या उभ्या वेळेत चार्जिंग बसवलं तर फरक मोठा पडतो. वायरलेसचा उपयोग खरा इथेच आहे, ड्रायव्हरने जेवायला गाडी लावली आणि चार्ज सुरू.

इशारा: वीजेचं काम स्वतः करून महावितरणला फक्त देखरेखीचा सुपरव्हिजन चार्ज भरायच्या पद्धतीने गेलात तर केबल-ट्रान्सफॉर्मरची बिलं कुणाच्या नावावर निघणार हे आधी ऑपरेटरशी ठरवा. बिल जागामालकाच्या नावावर आणि सबसिडी ऑपरेटरच्या टेंडरमध्ये, असं झालं की ते जुळवताना नाकी नऊ येतात.

## ५. मशीन निवडताना वायरलेसचं काय

पीएम ई-ड्राइव्हच्या चौकटीतले चार्जर हे कनेक्टरवाले आहेत, कारला सीसीएस-२ (फास्ट चार्जिंगच्या प्लगचा प्रकार) आणि हलक्या गाड्यांना भारतीय मानकाचे. त्यामुळे वायरलेस पॅड चार्जर म्हणून दाखवून ७० टक्के मागायला जाऊ नका, अख्खा प्रस्ताव अडकेल. पॅड हवंच असेल तर ते वेगळ्या कोटेशनवर, वेगळ्या बिलावर, स्वतःच्या पैशाने.

बाजारात काय आहे याची कल्पना ठेवा. त्रिवेंद्रमच्या सी-डॅकने नागपूरच्या व्हीएनआयटीबरोबर १.५ किलोवॅटचा देशी वायरलेस चार्जर केलाय, ४८ व्होल्टच्या बॅटरीला ३० अँपिअर देतो, दोन कॉइलमध्ये साडेबारा सेंटिमीटर अंतर चालतं, कार्यक्षमता कमाल ८९.४ टक्के, आणि २०२५ मध्ये ते तंत्र कंपनीला हस्तांतरितही झालं. ४८ व्होल्ट म्हणजे ई-रिक्षाचा वर्ग, फास्ट चार्जिंगची अपेक्षा ठेवू नका. कारसाठी अमेरिकेचं एसएई जे२९५४ मानक आहे, ३.७, ७.७ आणि ११ किलोवॅट अशा पायऱ्या, ८५ किलोहर्ट्झच्या आसपास.

आणि मुख्य अडचण: आपल्या रस्त्यावरच्या गाड्यांच्या पोटात रिसीव्हर कॉइलच (पॅडकडून वीज घेणारी तारेची गुंडाळी) नाही. नाशिकच्या द्वारका चौकात पॅड टाकलं तर त्याच्यावर कोण गाडी लावणार? म्हणून सार्वजनिक जागेत आज वायरलेस हा पैसा अडकवायचा प्रकार आहे, हे माझं स्पष्ट मत. ज्याच्या ताब्यात स्वतःच्या गाड्या आहेत त्यालाच ते जमेल, आणि गाडीत कॉइल बसवायचं तर वाहन कंपनीच्या मान्यतेने, गॅरेजवाल्याकडून खालून काहीतरी वेल्डिंग करून नाही, वॉरंटी आणि आरटीओ दोन्ही अंगावर येतील.

सप्लायरला विचारायचे प्रश्न: टेस्ट रिपोर्ट कुठल्या लॅबचा आणि कुठल्या मानकाचा? पॅडवर नाणं, खिळा, गुटख्याची चमकी पुडी पडली तर मशीन स्वतः बंद होतं का? मांजर खाली जाऊन बसली तर? गाडी दहा सेंटिमीटर बाजूला लागली तर पॉवर किती उतरते, आकड्यात सांगा. यातल्या एकालाही "तसं होत नाही साहेब" असं उत्तर आलं तर पुढचा सप्लायर.

## ६. फाइल बांधणे

ऑपरेटर किंवा नोडल एजन्सीकडे जाणाऱ्या गठ्ठ्यात: जागेचे कागद, मनपा किंवा सोसायटीचं ना-हरकत, सोसायटी असेल तर ठरावाची प्रत, महावितरणचं फर्म कोटेशन, सिंगल लाइन डायग्राम, साइटचा नकाशा, चार्जरची माहिती, पॅन, जीएसटी, असेल तर उद्यम नोंदणी (लघुउद्योगाची).

खर्चाचा तक्ता दोन भागात करा, वीजेचं काम एका बाजूला, चार्जर दुसऱ्या बाजूला. लोक एकच "टर्नकी" आकडा लिहितात, १८ लाख ऑल इन्क्लुझिव्ह, आणि मग ८० टक्के कशावर लावायचे हे तपासणाऱ्याला कळत नाही, त्रुटी निघते, फाइल परत. फाउंडेशन, कुंपण, केबल ट्रेंच हे वीजेच्या बाजूला, सॉफ्टवेअर आणि गन (गाडीत खोचायचा प्लग) चार्जरच्या बाजूला.

नाव सगळीकडे सारखं. सात-बाऱ्यावर आजोबांचं, वीजबिलावर वडिलांचं, करारावर तुमचं, हे प्रकरण आपल्याकडे घरोघरी आहे. आधी वारसनोंद लावून घ्या.

## ७. साइटचं काम

केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतल्या ज्या गोष्टी इन्स्पेक्शनला पकडल्या जातात त्या आधी सांगतो: सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच, गाडीचं कनेक्शन चार्जिंग पॉइंटपासून ५ मीटरच्या आत, ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच), आणि अर्थिंग नीट. अर्थिंगचा आकडा मेगरवाल्याकडून कागदावर घ्या. सातपूर-सिन्नरकडे मुरमाड खडकात अर्थ पिट कोरडा पडतो आणि उन्हाळ्यात रेझिस्टन्स वाढतो, म्हणून माप मे महिन्याचं धरा, ऑगस्टचं नको. इगतपुरी-घोटीकडे प्रश्न उलटा, तिथे पाणी, पॅनेल चौथऱ्यावर आणि केबलच्या पाइपला उतार पाहिजेच.

पॅडसाठी जागा राखताना:

- पॅड येणार त्या चौकोनात सळईची जाळी टाकू नका, लोखंड तापतं आणि पॉवर खातं. गवंडी सवयीने जाळी टाकतोच, उभं राहून बघा.
- रिकामा पाइप आणि आत ओढायची तार, दोन्ही टोकं बंद करून.
- पाण्याचा निचरा पॅडपासून लांब.
- चाकाला अडवणारा ठोकळा, म्हणजे गाडी दर वेळी त्याच जागी थांबते.

तपासणी: खड्डा बुजवायच्या आधी फोटो, तारखेसकट. केबलची खोली, वाळू, विटा, पाइप. बुजवल्यावर कोणी विचारलं तर परत खोदणार का?

## ८. फक्त वायरलेसचंच काम करायचंय त्यांच्यासाठी

तुमचं प्रॉडक्ट अजून प्रोटोटाइप असेल तर वरच्या सगळ्या योजना तुमच्या नाहीत. तुमच्यासाठी अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचं महा-ईव्ही मिशन, ज्याच्या तीन विषयांत चार्जिंग इन्फ्रास्ट्रक्चर हा एक आहे. कॉल निघतो तेव्हाच अर्ज, आणि पुढे शैक्षणिक किंवा संशोधन संस्था लागते, उद्योग सोबत. म्हणून कॉलची वाट न बघता आत्ताच एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या इलेक्ट्रिकल विभागाशी लेखी करार करून ठेवा, कॉल आल्यावर प्रोफेसर शोधायला निघालात तर अर्धी मुदत सह्या गोळा करण्यात जाते.

## ९. सुरू करणे आणि राहिलेला हप्ता

पीएम ई-ड्राइव्हची सबसिडी हप्त्यांत येते आणि शेवटचा हप्ता स्टेशन चालू होऊन योजनेच्या ऑनलाइन सिस्टीमला जोडलं गेल्यावर. म्हणजे मशीन उभं आहे पण ऑनलाइन दिसत नाही, तर पैसा अडकला. सिमकार्डची रेंज बेसमेंटमध्ये आधी तपासा, हे क्षुल्लक कारण फार जणांना नडतं. चार्जर ओसीपीपी प्रोटोकॉलचा (चार्जर आणि सर्व्हरने बोलायची ठरलेली भाषा) आहे का, ऊर्जा दक्षता ब्युरोच्या ईव्ही यात्रा पोर्टलवर स्टेशन दिसतंय का, दर बोर्डावर लिहिलाय का.

पहिला पूर्ण महिना झाल्यावर मीटरचे युनिट आणि चार्जरच्या सॉफ्टवेअरचे युनिट समोरासमोर ठेवून बघा. थोडा फरक राहणारच. जास्त असेल तर चार्जरवाल्याला आणि महावितरणला दोघांनाही त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या, कारण पुढचा हप्ता मागताना हेच दोन आकडे शेजारी ठेवले जातात.